टीव्हीसाठी कोरडी ठेवलेली माती

"उचलू नका त्यांना. कुणी हात लावायचा न्हाई," असं म्हणून मी हौद्यात उतरले.

तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, बाई उतरत नाही. राहू गावात उतरत नाही, आमच्या गावातही नाही. पण दस्तगीर पैलवान मातीत उताणे पडले होते, आणि त्यांचा पठ्ठा संतोष आणि आणखी दोघं काखेत हात घालून त्यांना उभं करायला निघाले होते. मी त्यांच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले. डोकं दोन्ही मांड्यांमध्ये घेतलं आणि दोन्ही कानांवर हात घट्ट ठेवले. त्यांचे डोळे उघडे होते.

"वहिनी, माझं पाय कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

पाय जिथं होते तिथंच होते, सरळ, मातीनं माखलेले. मी म्हणाले, "जागेवर हायेत. मान हलवू नका."

समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून चालूच होता.

घर ते शिक्रापूर

माझं गाव पाबळच्या पुढं डोंगराकडं आहे. घरात मी एकटी. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा नाशिकला नोकरीला आहे, दिवाळीला येतो. मालक पैलवान होते, पुढं गावच्या तालमीचे वस्ताद झाले. भिंतीवर त्यांचा एक फोटो आहे. एका जत्रेतली कुस्ती, दोघं जण एकमेकांच्या मानेवर हात टाकून वाकलेले. एक आमचे, दुसरे राहूचे दस्तगीर. ती कुस्ती सव्वा तास चालली आणि शेवटी बरोबरीत सोडवली, असं मी ऐकलेलं. बघितली नाही. आमच्याकडं बायका कुस्तीच्या आखाड्याकडं जात नाहीत. एकेचाळीस वर्षं पैलवानाचा संसार केला आणि नवऱ्याची एकही कुस्ती डोळ्यांनी पाहिली नाही.

थंडीच्या दिवसांत टीव्हीवाले आले. मेघना नावाची तिशीतली मुलगी पुढारी. बरोबर हिंदी बोलणारा कॅमेरावाला आणि एक ड्रायव्हर. ते देशातल्या लढायच्या कलांवर कार्यक्रम करत होते, त्यातला एक भाग लाल मातीच्या कुस्तीवर. मेघनानं मला फोटोखाली बसवलं आणि फोटोकडं बघायला सांगितलं. मी बघितलं. ती म्हणाली, "आजी, आजोबांची आठवण येऊ द्या." मी म्हणाले, आठवण येते, पण बसवून येत नाही.

मग मी त्यांना खरं ते सांगितलं. पहाटे चारला उठून दोन म्हशींचं दूध काढायचं. बदाम भिजवून पाट्यावर वाटायचे. तेलानं आणि मातीनं कडक झालेले लंगोट राखेनं धुवायचे. तालमीत राहायला आलेली पोरं असली तर पन्नास भाकरी. मालक कुस्ती मारून आले की त्यांच्या नखांतली माती काढायची. मी बोलत होते तेवढ्यात कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला. मेघना मान हलवत ऐकत होती, पण दिवा बंद. फोटोकडं वळले की दिवा लागायचा. माझं कुठलं बोलणं त्यांच्या कामाचं आणि कुठलं नाही, हे मला त्या दिव्यावरून कळायला लागलं.

तिला मी दस्तगीर पैलवानांच्या घरी यायला हवी होते. दोघांतला एक गेला, त्याची बायको दुसऱ्याला पहिल्यांदा भेटते, असं तिला दाखवायचं होतं. तीन दिवसांचं काम. म्हशी विकून सहा वर्षं झालेली, घरी अडायचं काही नव्हतं. कुलूप लावल्यावर कुणाला सांगून जायचं ते कळेना, म्हणून किराणा दुकानात सांगितलं आणि गाडीत बसले.

शिक्रापूरला मुक्काम होता. माझ्या तरुणपणी तिथं एसटी थांबायची आणि दोन चहाची दुकानं होती. आता चौकात उभं राहिलं तर रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात धरावा लागतो. ट्रकमागं ट्रक. कंपन्यांतली पोरं निळ्या शर्टात घोळक्यानं फिरतात, हिंदी बोलतात, एका खोलीत सहा-सहा राहतात. एकानं मला "माताजी" म्हणून वाट करून दिली. लॉजमध्ये मला वेगळी खोली दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा खोलीत राहिले, जिथं माझं एकही भांडं नव्हतं. जेवायला डोसा मागवला होता. मी घरून आणलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला.

संध्याकाळी मेघनानं तिच्या कंपनीचा जुना कार्यक्रम खोलीतल्या टीव्हीवर लावून दाखवला. परदेशातलं डोंगरावरचं देऊळ, धुकं, एक म्हातारा गुरू. मुलं खांबावर एका पायावर उभी. आडातून बोलल्यासारखा जाड आवाज काहीतरी सांगत होता. सगळं सावकाश. लाथ मारायला अर्धं मिनिट, झाडाचं पान खाली यायला त्याहून जास्त. कुणी घामाघूम नाही, कुणाला खोकला नाही. त्यांचे पांढरेशुभ्र कपडे बघून मी विचारलं, हे धुतं कोण? आणि एवढ्या पोरांचा स्वयंपाक?

"आजी, तुम्ही भारी आहात," मेघना हसली. तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलंच नसणार.

ती गेल्यावर मी आवाज बंद करून टीव्ही तसाच चालू ठेवला. खोलीत काहीतरी हलत असलेलं बरं वाटलं. पलंग चौघांना पुरेल एवढा रुंद होता, मी कडेलाच झोपले. सवय. आमचे पैलवान कधी उताणे झोपले नाहीत. पालथे नाही तर कुशीवर, आणि तीन वाटे जागा त्यांची. पाठ जमिनीला लागली की कुस्ती गेली, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, झोपेतही ते जात नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात शुद्ध नव्हती, तरी नर्सनं उताणं केलं की थोड्या वेळानं ते आपसूक कुशीवर वळायचे.

राहू

दुसऱ्या दिवशी तळेगावावरून खाली उतरलो आणि भीमेचा पूल ओलांडला. पूल संपला की दौंड तालुका. आमच्याकडं माळ, दगड आणि बाजरी. इकडं रस्त्यावर वाकलेला ऊस, पाटाला पाणी आणि गुऱ्हाळांचा धूर. आमच्याकडं पाहुणा आला की पावसाचं विचारतात. इथं पहिला प्रश्न उसाला तोड आली का.

वाटेत कॅमेरावाल्यानं वरून नदी दाखवायला ड्रोन उडवला. तो उसात पडला आणि तासभर सापडेना. ऊसतोडणीच्या एका बाईला सापडला, पण ती त्याला हात लावायला तयार नव्हती. कोयत्यानं ऊस बाजूला करून तिनं लांबूनच दाखवला आणि विचारलं, "हे चावतं का?" कॅमेरावाल्याला मराठी येत नव्हती. मी म्हणाले, चावत नाही, नुसतं बघतं. तेव्हा तिनं पदर सारखा केला.

दस्तगीर पैलवान दारात उभे होते. सहासष्ट वर्षांचे, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. मेघनानं आम्हाला आधीच सांगितलं होतं की कॅमेरा लागल्याशिवाय भेटायचं नाही. म्हणून आम्ही समोरासमोर पाच मिनिटं एकमेकांकडं न बघता थांबलो. मग दिवा लागला.

"या वहिनी," ते म्हणाले. "लई वरसं लावली यायला."

"तुम्ही तरी कुठं आला," मी म्हणाले.

मेघनाला ते आवडलं नाही. तिनं परत करायला सांगितलं, जरा हळू. दुसऱ्या वेळी आम्ही दोघंही काही बोललो नाही, तेच तिनं ठेवलं.

जेवायला बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा. त्यांच्या बायकोनं, रशीदाभाभींनी, रश्श्यात खसखस घातली होती, आम्ही घालत नाही. एरवी आमच्यासारखाच तिखट. जेवताना दस्तगीर भावजींनी त्या कुस्तीची गोष्ट सांगितली. अर्धा-पाऊण तास झाल्यावर आमच्या पैलवानांचं डाव्या हाताचं बोट निखळलं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही, पण भावजींच्या ध्यानात आलं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी त्यो हात धरलाच न्हाई. म्हणून तर बरुबरीत सुटली."

त्या जत्रेहून मालक आले तेव्हा बोट सुजलेलं होतं. बैलगाडीच्या चाकात सापडलं, असं त्यांनी मला सांगितलं. मी हळद बांधली. एवढ्या वर्षांत त्यांनी खरं सांगितलं नाही आणि मी आता परक्याच्या घरी ते ऐकत होते. मी कॅमेऱ्याकडं बघितलं. बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या, कॅमेरा खाटेवर पडलेला होता.

भांडी घासताना भाभींनी हळूच विचारलं, "तुमचे बी पालथेच झोपायचे का?" मी हो म्हणाले. "आमचे घोरतात बी पालथेच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी राखेच्या हातांनी हसलो. त्या तीन दिवसांत मी तेवढंच हसले.

तालीम

तालमीची माती म्हणजे नुसती माती नसते. ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कडुनिंबाचा पाला, सगळं घालून मळलेली असते. रोज फावड्यानं ती हातभर खोल खणायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं. अशी माती मऊ असते आणि अंगाला चिकटते. ती उडत नाही.

मेघनाला ती उडायला हवी होती. खिडकीतून सकाळचं ऊन आत येतं, त्यात लाल धुरळा सावकाश तरंगतो, असं तिला पाहिजे होतं. सगळ्या कार्यक्रमांत तसंच असतं म्हणे. म्हणून आम्ही यायच्या आधी दोन दिवस तिनं फोनवर सांगून ठेवलं होतं, पाणी मारू नका, खणूही नका, पट्ट्या घालायच्या आहेत. हौद्याच्या कडेनं कॅमेरा सरकवायला लोखंडी पट्ट्या घातल्या होत्या. संतोष कंपनीत कामाला आहे, तिसऱ्या दिवशी शूटिंगसाठी सुट्टी टाकून आलेला. त्यानं वस्तादांना, म्हणजे दस्तगीर भावजींना, सांगितलं की वर पिठी झालीय आणि खाली दगड. भावजी म्हणाले, पाहुणे लांबून आल्यात, दोन दिसानं काय व्हतंय.

मीही मेघनाला एकदा सांगितलं. "आजी, फक्त एक सकाळ," ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा बोलले नाही. हे लिहून ठेवते.

भावजींनी लंगोट सोडून कित्येक वर्षं झाली होती. टीव्हीवाल्यांनी नवा लाल लंगोट आणला होता. मी दाराबाहेर ओट्यावर बसले, बायकांची जागा तीच, आणि मान फिरवून घेतली. मग आवाज यायला लागले तशी बघायला लागले. पहिल्यांदाच बघत होते.

ठरलं असं की संतोषनं वस्तादांना ढाक मारायची. ढाक म्हणजे समोरच्याला कमरेवरून उचलून पाठीवर टाकायचं. पठ्ठा गुरूला टाकतो, विद्या पुढं जाते, असं मेघनानं समजावलं. पडल्यावर मी सांगेपर्यंत उठायचं नाही, तसंच उताणं राहायचं, कॅमेरा वरून तोंडावर येईल, हेही सांगितलं.

सहा वेळा झालं. सहाही वेळा भावजी आपटले आणि धुरळा खाली बसायच्या आत कोपरावर वळले.

"मामा, उताणेच राहा ना," मेघना म्हणाली.

"त्ये जमायचं न्हाई बाई. मी लई सांगतो, अंग ऐकत न्हाई."

दारातली माणसं हसली. तेही हसले, पण छाती भात्यासारखी हलत होती. संतोष म्हणाला, बास करू. भावजी म्हणाले, एकदा करू आन् सोडू.

सातव्या वेळी संतोषचा पाय पिठीवर सरकला. भावजी पाठीवर न येता आधी मानेवर आले. आवाज फार झाला नाही. धुरळा भरपूर उडाला. ऊन होतंच. भावजी उताणे पडले आणि तसेच राहिले.

"परफेक्ट," मेघना हळूच म्हणाली. कॅमेरा पट्टीवरून पुढं सरकायला लागला. सगळ्यांना वाटलं, वस्तादांनी एकदाचं ऐकलं.

मी त्यांच्या खांद्यांकडं बघत होते. दोन्ही खांदे जमिनीला. बेशुद्धीतही माझा माणूस वळायचा. टीव्हीवाल्या पोरीनं सांगितलं म्हणून कुठला पैलवान पाठ टेकून पडून राहतो? मी ओट्यावरून उठले.

तेवढ्यात संतोषलाही कळलं. त्याच्या हातून झालेलं, तो घाबरला. वस्ताद उताणा पडलेला चार माणसांनी बघू नये म्हणून पहिलं काम तिथं एकच, त्याला उभं करायचं. आमच्याकडंही तेच. माझा दीर सुभाष चोवीस वर्षांचा असताना जत्रेत असाच मानेवर पडला. लोकांनी त्याला उचलला, काही झालं नाही हे दाखवायला खांद्यावर घेऊन फिरवला. त्याचे पाय लोंबत होते, हे नंतर सगळ्यांना आठवलं. चार महिने तो आमच्या ओसरीवर होता, मग गेला. त्याचं सगळं मी केलं. पुण्याचे डॉक्टर मालकांना म्हणाले होते, पडल्यानं जेवढं झालं नसेल तेवढं उचलल्यानं झालं. मालकांनी पुढं कधी तो विषय काढला नाही. मलाही कुणी विचारलं नाही. मेघनाच्या प्रश्नांत तो नव्हता.

मी हौद्यात उतरले ते वर सांगितलंच आहे.

दारातला एक म्हातारा ओरडला की बाई हौद्यात शिरली. मी म्हणाले, "मग तुम्ही या आन् धरा." तो आला नाही.

मेघना रडायला लागली होती. मी तिला म्हणाले, "मागनं रड. आदुगर त्या वाळूच्या पिशव्या आण." दिव्यांचे खांब पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांवर ठेवतात त्या पिशव्या. दोन्ही बाजूंनी त्या मानेला लावल्या. कॅमेरावाल्याला मी काही सांगितलं नाही. त्यानं आपणच कॅमेरा बंद केला, पेटीतलं पेचकस काढलं आणि तालमीच्या दाराच्या बिजागऱ्या खोलायला लागला. दार फळीसारखं वापरायचं हे त्याला सुचलं. मी माझी शाल भावजींच्या अंगावर टाकायला लावली.

अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला. तोवर मी हात सोडले नाहीत. बोटं बधिर झाली. भाभी हौद्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. त्यांच्या तोंडातल्या तोंडात दुवा चालू होती.

भावजींनी मला विचारलं, "पाठ लागली ना माझी?"

"लागली. पण ही कुस्ती न्हवं, शूटिंग हाय."

मग म्हणाले, "मग हार धरायची न्हाई."

पुणे आणि परत

दारावर झोपवून, दार बांधून त्यांना पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मानेचा मणका तुटला होता. डॉक्टरनं विचारलं, मान कुणी धरली होती? संतोषनं माझ्याकडं बोट केलं. डॉक्टरनं माझ्या हातांची लाल माती बघितली, हात धुवायला कुठं जायचं ते दाखवलं आणि आत गेला. वाचतील का, हे कुणीच सांगेना.

दोन दिवस भाभींजवळ थांबले. मग त्यांची माणसं आली. मेघनाही रोज येऊन लांब बाकावर बसायची, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मी एकदा तिला चहा नेऊन दिला.

एसटीनं घरी आले. दुकानात सांगून गेले होते म्हणून दुकानात सांगितलं, आले. दुकानदार म्हणाला, टीव्हीवर कधी दिसणार? कुलूप काढलं. फोटो होता तिथंच होता. त्यात आमच्या पैलवानांचा डावा हात दिसतो. मी आधी कधी नीट बघितला नव्हता. दस्तगीर भावजींचा हात त्या हाताला लागलेला नाही.

उन्हाळ्यात कार्यक्रम लागला. मी एकटीनं बघितला. वरून ऊस दिसला, नदी दिसली. मी फोटोकडं बघत होते. मी आणि भावजी काही न बोलता उभे होतो. मग तालीम, खिडकीतलं ऊन आणि लाल धुरळा, फार सावकाश. भावजी पडतात ते इतकं हळू दाखवलंय की ते कोपरावर वळायच्या आत दुसरंच काही येतं. ते पडणं आधीच्या सहांतलं कुठलं तरी. सातवं नाही. माझे म्हशी-बदाम नाहीत, बोट नाही, वाळूच्या पिशव्या नाहीत. बघणाऱ्याला वाटेल की त्या मातीत कुणाला कधी लागत नाही. मेघनाचा फोन आला. तिला ते घालायचं होतं, वरच्यांनी नको म्हटलं. मी म्हणाले, बरं.

संतोष आता कुणीही येवो, सकाळी आधी हौदा खणतो आणि पाणी मारतो. दार पुन्हा बसवलंय, पण ते नीट लागत नाही म्हणे.

ऑपरेशननंतर बाविसाव्या दिवशी भाभींचा फोन आला होता. बराच वेळ त्यांना बोलता येईना. मला वाटलं, गेले. मग त्या म्हणाल्या, "पहाटं बघितलं तर कुशीवर. पट्टा गळ्यात तसाच, आन् आपलं आपण वळले."

दस्तगीर पैलवान वाचले. राहूत असतात. काठी लागते आणि उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत.